टॉर्पेडो वाहणारीं पहिलीं जलविमानें

विमानांतून टॉर्पेडो सोडून शत्रूचें जहाज बुडविण्याचा पहिला मान कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहतां एका ओळींत सुटण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धाविषयींच्या अनेक पुस्तकांत त्याचें उत्तर तारखेसह दिलेलें आढळतें : १२ ऑगस्ट १९१५, स्थळ मार्मारा समुद्र, विमान 'शॉर्ट १८४', वैमानिक फ्लाइट कमांडर चार्ल्स एडमंड्स. हें उत्तर एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आलें आहे, आणि त्यांतील नांव, तारीख अथवा स्थळ यांपैकीं कांहींच खोटें नाहीं. तथापि 'बुडविलें' हें क्रियापद मात्र तपासून पाहण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें. शिवाय या विमानाची हकीकत मार्मारा समुद्रावर संपत नाहीं. जें यंत्र जहाजें फोडण्याकरितां निर्माण झालें, त्याच कारखान्यांतलीं यंत्रें पुढील वर्षीं तैग्रीस नदीवर वेढ्यांत सांपडलेल्या आमच्या मराठा शिपायांस पीठ पोंचविण्याच्या कामीं लागलीं. हा दुसरा भाग पहिल्याइतका प्रसिद्ध नाहीं. दोन्ही भाग एकत्र ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम टॉर्पेडो ही वस्तु काय आहे तें ध्यानांत घेतलें पाहिजे. १८६६ च्या सुमारास आड्रिआटिक समुद्रावरील फ्यूमे बंदरांत रॉबर्ट व्हाइटहेड नांवाच्या इंग्रज एंजिनियरानें आपला स्वयंचलित टॉर्पेडो सिद्ध केला. पोलादी नळ, त्यांत दाबून भरलेली हवा, त्या हवेवर चालणारें लहानसें एंजिन, पाठीमागें फिरते पंखे, तोंडाशीं स्फोटक द्रव्य, आणि पाण्याच्या दाबावरून खोली कायम राखणारी झडप व तिच्या जोडीस एक लंबक, अशी त्याची घडण. म्हणजे तो तोफेचा गोळा नव्हे. पाण्याखालून आपल्या बळावर धांवणारी ती एक माणूसरहित होडीच होय. गोळा कसाही फेंकला तरी चालतो, होडी मात्र नीट पाण्यांत उतरवावी लागते. टॉर्पेडो फार उंचावरून टाकला तर त्याच्या आंतील नाजुक यंत्रें मोडतात, किंवा तो नाकावर पडून थेट तळाकडे सूर मारतो. म्हणून विमानानें तो सोडावयाचा तर पाण्यापासून अवघ्या कांहीं फुटांवर यावें, पंख समतल ठेवावे, लक्ष्याच्या रोखानें सरळ जावें, आणि कांहींशें यार्डांच्या टप्प्यांत येईपर्यंत डावें-उजवें वळूं नये. जहाजावरील बंदूकधाऱ्यास याहून सोयीचें लक्ष्य क्वचितच मिळेल.

दुसरी अडचण वजनाची. त्या काळच्या आरमारांत १८ इंची व त्याहून मोठे टॉर्पेडो रूढ झाले होते आणि १४ इंची टॉर्पेडो जुना होऊन मागें पडत चालला होता. परंतु हा जुना लहान टॉर्पेडोसुद्धां सुमारें ८१० पौंडांचा, म्हणजे पांच धडधाकट माणसांइतका जड. १९१३-१४ सालचें विमान दोन माणसें व पेट्रोल घेऊन पाण्यावरून उठलें तरी कृतकृत्य मानीत. त्यास पांच माणसांचें जादा ओझें, तेंही पोटाखालीं टांगलेलें, देणें म्हणजे त्याच्या अस्तित्वाशींच झगडा होता.

असें असूनही ही कल्पना एकाच वेळीं अनेक देशांत सुचलेली दिसते. अमेरिकेच्या आरमारांतील रिअर ॲडमिरल ब्रॅडली फिस्क यानें १९१२ सालीं अशा योजनेचें पेटंट घेतलें. प्रत्यक्ष विमान मात्र बनलें नाहीं. इटलींत कॅप्टन आलेस्सांद्रो ग्विदोनी यानें अधिक पाऊल टाकलें. पातेरास पेस्कारा या आर्जेंटाइन गृहस्थानें आंखलेल्या दुहेरी एंजिनाच्या विमानांतून त्यानें फेब्रुवारी १९१४ मध्यें व्हेनिस येथें ७५० पौंडांचा नकली टॉर्पेडो पाण्यांत सोडून दाखविला. (हाच ग्विदोनी पुढें १९२८ सालीं एका नव्या पॅराशूटची स्वतः परीक्षा घेत असतां मरण पावला, आणि रोमजवळील ग्विदोनिया हें शहर त्याच्या नांवानें वसलें.) इंग्लंडांत या विचाराचा पाठपुरावा आरमाराच्या वैमानिक खात्याचा प्रमुख मरे स्यूटर यानें केला. त्याला आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांचें पाठबळ होतें. २८ जुलै १९१४ रोजीं, ऑस्ट्रियानें सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलें त्याच दिवशीं, आर्थर लाँगमोर यानें साउथॅम्प्टनजवळील कॅलशॉट येथें १६० अश्वशक्तीच्या नोम एंजिनाच्या शॉर्ट जलविमानांतून १४ इंची टॉर्पेडो उचलून सोडला. विमान मोठ्या कष्टानें उठलें आणि टॉर्पेडो सरळ धांवला. करतां येतें, एवढें सिद्ध झालें. पण त्या एंजिनाला टॉर्पेडोबरोबर दुसरा माणूस किंवा पुरेसें पेट्रोल झेपत नव्हतें.

येथें एक शंका वाचकांच्या मनांत येईल. इतकें ओझें वाहावयाचें तर पाण्यावरून उठण्याचा अट्टाहास कां? चाकांचें विमान हलकें असतें व जमिनीवरून सुलभपणें उठतें. याचें उत्तर असें कीं, शत्रूचीं बंदरें इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर होतीं आणि विमानांचा पल्ला आंखूड होता. विमान जहाजावर लादून नेल्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि जहाजाच्या तक्त्यावर परत उतरण्याची विद्या त्या वेळीं आरमारांत रूढ झाली नव्हती. म्हणून यारीनें विमान समुद्रांत उतरवावें, तेथून त्यानें उडावें, परत येऊन पाण्यावर बसावें, आणि यारीनें पुनः वर घ्यावें, हाच मार्ग उरला. या मार्गानें जलविमानास जन्म दिला आणि पुढें त्यानेंच त्याचा घात केला, तें आम्ही पुढें सांगणार आहों.

युद्ध सुरू झाल्यावर स्यूटरनें शॉर्ट बंधूंपैकीं होरेस शॉर्ट यास टॉर्पेडोकरितांच खास विमान बनविण्यास सांगितलें. त्यांतून १९१५ च्या आरंभीं जें विमान निघालें त्यास आरमाराच्या रिवाजाप्रमाणें पहिल्या नगावरील अनुक्रमांकाचेंच नांव पडलें : टाइप १८४. सैनिक मात्र त्याच्या २२५ अश्वशक्तीच्या सनबीम एंजिनावरून त्यास '२२५' म्हणत. पंखांचा विस्तार ६३ फूट ६ इंच. दोन मुख्य तरंडे एकमेकांपासून इतके दूर ठेवले होते कीं, मधल्या मोकळ्या जागेंत टॉर्पेडो टांगतां यावा. तरंडे जोडणारे आडवे दांडे त्यासाठींच कमानदार केले होते. शेपटाखालीं एक लहान तरंडा व पाण्यांत वळण्याकरितां सुकाणूं. पंखांच्या टोकांखालीं फुगे. शॉर्ट बंधूंच्या पेटंट युक्तीनें पंख मागें दुमडतां येत, त्यामुळें जहाजावरील छपरांत अशीं चार विमानें मावूं शकत. लांकूड, तारा आणि कापड यांचें हें प्रचंड पाखरूं होतें.

त्यास वाहून नेणारें जहाजही नांवाप्रमाणेंच लोभस होतें. 'बेन-मी-क्री' म्हणजे मांक्स भाषेंत 'माझ्या हृदयींची लाडकी'. १९०८ सालीं बांधलेली ही आगबोट आइल ऑफ मॅन बेटावर सुट्टीचे प्रवासी नेत असे. १९१५ च्या आरंभीं आरमारानें ती भाड्यानें घेतली, पाठीमागें विमानघर बांधलें आणि मे महिन्यांत तिला दार्दानेल्सकडे रवाना केलें. तिचा कप्तान सेसिल ल'एस्ट्रेंज मॅलोन. हा गृहस्थ पुढें पार्लमेंटांत निवडून गेला आणि १९२० सालीं तेथील पहिला कम्युनिस्ट सभासद ठरला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाशीं संबद्ध नसली तरी मनोरंजक आहे.

गॅलिपोली द्वीपकल्पावरील तुर्की सैन्यास रसद पोंचे ती मुख्यतः मार्मारा समुद्रांतून, जहाजांनीं. ब्रिटिश पाणबुड्या दार्दानेल्सच्या अरुंद सामुद्रधुनींतून शिरून तीं जहाजें बुडवीत होत्या. तेंच काम हवेंतून करतां येईल काय, हें पाहण्याचा प्रसंग आला. द्वीपकल्पाच्या उत्तरेस सारोसचें आखात आहे. तें आणि मार्मारा समुद्र यांच्यामध्यें बुलेरची संयोगभूमि ही अवघ्या कांहीं मैलांची जमिनीची पट्टी आहे. जहाज आखातांत उभें करावें, विमानानें ती पट्टी ओलांडावी आणि पलीकडे उतरत्या मार्गानें जाऊन टॉर्पेडो सोडावा, असा बेत ठरला. टॉर्पेडो उचलतां यावा म्हणून निरीक्षकास मागें ठेवण्यांत आलें, आणि पेट्रोल पाऊण तासापुरतेंच भरण्यांत आलें. पाऊण तास म्हणजे जाणें, शोधणें, मारणें व परत येणें, सर्व मिळून. वाट चुकण्यास त्यांत जागाच नव्हती.

१२ ऑगस्ट रोजीं एडमंड्स उडाला. हा मनुष्य नवखा नव्हता. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं कुक्सहाफेनवर जो जलविमानांचा हल्ला झाला त्यांत तो होता. सुमारें ८०० फूट उंची गांठून त्यानें संयोगभूमि ओलांडली. इंजे बुर्नूजवळ त्यास एक मोठी आगबोट दिसली. ब्रिटिश वृत्तांतांत ती ५,००० टनांची सांगितली आहे. तो खालीं उतरत पाण्यापासून सुमारें १५ फुटांवर आला आणि सुमारें ३०० यार्डांवरून त्यानें टॉर्पेडो सोडला. ओझें सुटतांच विमान हलकें होऊन उसळलें. मागें वळून पाहतो तों टॉर्पेडोचा पांढरा माग जहाजाला जाऊन भिडला आणि पाण्याचा लोट व जहाजाचे तुकडे डोलकाठीच्या उंचीपर्यंत उडाले. आघात झाला याविषयीं शंका नाहीं.

शंका पुढें आहे. मागाहून असें कळून आलें कीं, तें जहाज आधींच एका ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोनें घायाळ होऊन किनाऱ्यालगत उथळ पाण्यांत रुतलेलें होतें. जें जहाज तळावर टेंकलें आहे तें आणखी बुडणार कोठें? एडमंड्सचें शौर्य यामुळें तिळमात्र कमी होत नाहीं. जहाज रुतलेलें आहे हें त्यास आकाशांतून कळण्यासारखें नव्हतें, आणि बंदुका रुतलेल्या जहाजावरूनही झडूं शकतात. परंतु इतिहासानें 'लागला' आणि 'बुडविलें' या दोन शब्दांची अदलाबदल होऊं देतां कामा नये.

पांच दिवसांनीं, १७ ऑगस्ट रोजीं, दोन विमानें निघालीं. एडमंड्सनें या वेळीं आक् बाशी लिमान नजीक उभ्या असलेल्या तीन आगबोटींपैकीं एकीवर टॉर्पेडो सोडला. ती पेटली. ही बोट तरंगती होती. म्हणून तरंगत्या जहाजावरील पहिला हवाई टॉर्पेडो-आघात म्हणावयाचा तर तो १२ तारखेचा नसून १७ तारखेचा धरावा, असें आमचें मत आहे. तीही बोट आगीनें निकामी झाली, एवढेंच सांगतां येतें. ती सरळ तळाशीं गेली असें म्हणण्यास पुरेसा आधार दिसत नाहीं.

दुसऱ्या विमानाचा वैमानिक जॉर्ज डेकर याची हकीकत तर कादंबरीकारास हेवा वाटावा अशी आहे. सामुद्रधुनीवर असतांना त्याचें एंजिन बिघडलें आणि त्यास शत्रूच्या पाण्यांत उतरावें लागलें. एंजिन बंद पडलें नव्हतें, पण टॉर्पेडोसह पुनः उडण्याइतकी शक्ति त्यांत राहिली नव्हती. दोन्ही तीरांवर तुर्की तोफा. अशा स्थितींत त्याला समोर एक तुर्की टग-बोट दिसली. त्यानें विमान होडीप्रमाणें पाण्यावरूनच तिच्याकडे हांकलें, टॉर्पेडो सोडला आणि तिला बुडविलें. मग हलकें झालेलें विमान घेऊन तो सुमारें दोन मैल पाण्यावरून धांवत गेला, गोळीबारांतून कसेंबसें उठला आणि आपल्या जहाजापर्यंत परत आला. तेव्हां गंमत अशी कीं, या तीन आघातांपैकीं जेथें जहाज बुडालें याविषयीं वाद नाहीं, तेथें विमान हवेंत नव्हतें!

हवेंतून सुटलेल्या टॉर्पेडोनें वाहतें जहाज निखालस बुडाल्याचें उदाहरण पाहिजे असेल तर तें दुसऱ्या पक्षाकडे पाहावें लागतें. जर्मनांनीं गोथा व हान्सा-ब्रांडेनबुर्ग कारखान्यांचीं दोन एंजिनांचीं टॉर्पेडो-जलविमानें बनवून फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर झेब्रुगे येथें ठेवलीं होतीं. १ मे १९१७ रोजीं त्यांनीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत 'जीना' ही २,७८४ टनांची व्यापारी आगबोट बुडविली. बुडतां बुडतां त्या बोटीच्या गोलंदाजांनीं हल्ला करणाऱ्यांपैकीं एक विमान पाडलें. टॉर्पेडो सोडण्यास किती जवळ व किती खालीं यावें लागे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ऑगस्ट १९१५ च्या यशानें उत्साह वाढला असेल, तर ब्रिटिशांनीं हा प्रयोग वारंवार कां केला नाहीं? शॉर्ट १८४ जातीचीं ९०० हून अधिक विमानें पुढें निरनिराळ्या कारखान्यांतून निघालीं. टॉर्पेडोच्या बाबतींत मात्र त्या तीन घटनांसारखें यश या विमानास पुनः लाभलें नाहीं. कारण समुद्राच्या स्वभावांत आहे. लाटा उंच असल्या कीं तरंडे फुटतात, विमान यारीवरून उतरवितांच आपटतें. म्हणून समुद्र शांत पाहिजे. पण समुद्र अगदींच आरशासारखा शांत असला तर तरंडे पाण्याला चिकटतात. खालीं हवा शिरण्यास थोडी खळबळ आणि समोरून थोडा वारा लागतो. वारा पडल्यावर आंग्र्यांचें गुराब जसें जागच्या जागीं खिळावें, तसें भारलेलें जलविमान तासन् तास पाण्यावर धांवूनही उठत नसे. फार वारा नको, अगदीं नको असाही नको. त्यांत एंजिन त्या दिवशीं मनापासून चाललें पाहिजे. आणि शत्रू त्याच वेळीं टप्प्यांत असला पाहिजे. इतके ग्रह एकत्र येण्याची वाट पाहणारें शस्त्र सेनापतीच्या काय कामाचें?

अधिक मोठें विमान हा उपाय नव्हे, हेंही लौकरच दिसून आलें. १८ इंची टॉर्पेडो नेण्याकरितां शॉर्ट बंधूंनीं ३२० अश्वशक्तीच्या सनबीम एंजिनाचें 'शॉर्ट ३२०' बनविलें. २ सप्टेंबर १९१७ रोजीं अशीं सहा विमानें तराफ्यांवर चढवून लहान बोटींनीं आड्रिआटिक समुद्रांतून ओढत नेण्यांत आलीं. कात्तारो येथील ऑस्ट्रियन पाणबुड्यांवर घाला घालण्याचा बेत होता. वाटेंत वादळ उठलें. एक विमान गमावलें, इतरांस इजा झाली, आणि एकही विमान न उडतां मोहीम परतली. शत्रूच्या जहाजावर या जातीच्या विमानानें पुढेंही टॉर्पेडो सोडला नाहीं.

टॉर्पेडो सोडून दिला कीं शॉर्ट १८४ हें विमान मात्र मोठें कष्टाळू व उपयोगी होतें. पाणबुड्यांवर पहारा, तोफखान्यास नेम दाखविणें, बाँब टाकणें हीं त्याचीं नित्याचीं कामें झालीं. ३१ मे १९१६ रोजीं जटलंडच्या लढाईंत 'एन्गॅडीन' जहाजावरून ८३५९ क्रमांकाच्या शॉर्ट १८४ मधून रटलंड व ट्रूइन हे दोघे जर्मन जहाजांची टेहळणी करण्यास गेले. मोठ्या आरमारी लढाईंत विमानानें सामील होण्याचा हा पहिला प्रसंग. ढगांमुळें त्यांस हजार फुटांच्या आंतच राहावें लागलें. पेट्रोलची नळी फुटली तेव्हां रटलंडनें पाण्यावर उतरून ती रबरी नळीच्या तुकड्यानें बांधली. त्यांच्या बातम्या सेनापतीपर्यंत पोंचल्या नाहींत, हा दोष विमानाचा नव्हे.

परंतु आमच्या दृष्टीनें या विमानाचा सर्वांत हृदयस्पर्शी अध्याय समुद्रावरचा नसून नदीवरचा आहे. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील सहावी पुणें डिव्हिजन टेसिफॉनच्या लढाईनंतर मागें हटून तैग्रीसच्या वळणांत वसलेल्या कुत-अल्-अमारा या गांवीं आली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तीत १०३ री व ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील हे शेतकरी गडी. सुटकेकरितां खालून येणारें सैन्य एकामागून एक लढायांत हजारों माणसें गमावून अडलें. एप्रिल १९१६ उजाडला तेव्हां कुतमध्यें दर माणशी पिठाचें माप कांहीं औंसांवर आलें होतें. घोडे व खेंचरें मारून मांस वांटण्यांत येत होतें, परंतु बहुतेक हिंदी शिपायांनीं तें धर्मभावनेनें कित्येक आठवडे नाकारलें. त्यांचें सर्व जीवन त्या मापभर पिठावर होतें. आणि पीठ तरी आयतें कोठें होतें? धान्य दळावें लागे. म्हणून मार्च महिन्यांत विमानांतून कुतमध्यें जात्याची तळीसुद्धां टाकण्यांत आली. आकाशांतून जातें पडल्याचें उदाहरण आमच्या पुराणांतही आम्हांस आठवत नाहीं.

वेढ्यांतील सैन्यास हवाई मार्गानें अन्न पुरविण्याचा इतक्या मोठ्या प्रमाणावरचा हा पहिलाच प्रयत्न मानला जातो. लष्करी वैमानिक दळाच्या ३० व्या स्क्वॉड्रनचीं चाकांचीं विमानें, आणि फ्रेडरिक बोहिल याच्या हुकुमतींतील आरमारी दळाचीं शॉर्ट जलविमानें, अशा दोघांनीं मिळून हें काम केलें. जीं विमानें टॉर्पेडो उचलण्याकरितां आंखलीं त्यांच्या पोटाखालीं आतां पिठाचीं पोतीं टांगलीं गेलीं. ओझें बदललें, अडचणी त्याच राहिल्या. मेसोपोटेमियाच्या उन्हांत हवा विरळ होते व एंजिनाचा जोर घटतो. जड तरंड्यांमुळें जलविमानाची बरीच शक्ति स्वतःचाच भार वाहण्यांत खर्च होई. नेम धरून पोतें टाकण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. कांहीं पोतीं नदींत गेलीं, कांहीं तुर्कांच्या खंदकांत. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यांत शत्रूच्या फोकर विमानानें एक शॉर्ट पाडलें. त्यांतील निरीक्षक ठार झाला.

१५ ते २९ एप्रिल या पंधरवड्यांत सुमारें १४० उड्डाणें होऊन १९,००० पौंडांच्या आसपास अन्नसामग्री टाकण्यांत आली, आणि त्यांतील सुमारें १६,८०० पौंड कुतमध्यें पडली, असे आंकडे ब्रिटिश ग्रंथांत येतात. आंकडा मोठा वाटतो, म्हणून आम्ही त्याचा भागाकार करून पाहिला. शरण गेलेलें सैन्य व त्याबरोबरचे लोक मिळून सुमारें १३,००० होते. म्हणजे सबंध पंधरवड्यांत दर माणशी वांटणी सव्वा पौंडाच्या जवळपास. रोजची दीड औंसाहूनही कमी. गांवांतील अरब रहिवासी यांत धरलेलेच नाहींत. याच सुमारास, २४ एप्रिलच्या रात्रीं, 'जुल्नार' नांवाची आगबोट २७० टन सामग्री घेऊन तुर्की माऱ्यांतून कुतकडे निघाली आणि वाटेंत पकडली गेली. त्या एका बोटींतील माल सर्व विमानांनीं पंधरा दिवसांत टाकलेल्या मालाच्या तीसपटींहून अधिक होता. विमानांवर भिस्त ठेवण्यांत सेनापतींनीं स्वतःची फसवणूक करून घेतली, असें म्हणणें भाग पडतें. वैमानिकांनीं आपला जीव धोक्यांत घालून जें केलें त्याबद्दल मात्र कृतज्ञताच वाटली पाहिजे. २९ एप्रिल रोजीं कुत पडलें. कैदेंत गेलेल्या आमच्या शिपायांपैकीं पुष्कळ जण वाळवंटांतील वाटचालींत व मजुरीच्या छावण्यांत मेले.

हिंदुस्थानच्या किनाऱ्याशींही या विमानाचा थोडा संबंध आला. जर्मन हल्लेखोर जहाज 'वोल्फ' यानें फेब्रुवारी १९१७ मध्यें मुंबई व कोलंबो यांच्या समोरील समुद्रांत पाणसुरुंग पेरले. त्यांपैकीं एकावर आदळून २३ जून १९१७ रोजीं 'मंगोलिया' ही पी. अँड ओ. कंपनीची मोठी बोट मुंबईच्या दक्षिणेस बुडाली. 'वोल्फ'जवळ 'वोल्फखेन', म्हणजे लांडग्याचें पिल्लूं, या लाडक्या नांवाचें एक लहान जलविमान होतें व तें सावज हेरून देई. त्याच्या शोधार्थ 'रेव्हन दुसरें' हें विमानवाहू जहाज 'पोतुओ' या फ्रेंच क्रूझरच्या सोबतीनें त्या वसंतांत हिंदी महासागरांत आलें. त्यावरही शॉर्ट १८४ होतें. लखदीव व मालदीव बेटांवरून टेहळणी झाली. सांपडलें कांहीं नाहीं. उलट एक शॉर्टच मालदीवांत वाट चुकलें, आणि त्यांतील दोघां उपाशी वैमानिकांस तेथील बेटकऱ्यांनीं वांचविलें.

तोंपर्यंत आरमारांतील विचारी माणसांनीं तरंड्यांचा नाद सोडला होता. ऑक्टोबर १९१६ मध्यें स्यूटरनेंच सॉपविथ कंपनीकडे चाकांच्या टॉर्पेडो-विमानाची मागणी केली. त्यांतून 'कक्कू' हें विमान झालें. तें १९१८ च्या उत्तरार्धांत 'आर्गस' या सपाट तक्त्याच्या जहाजावर गेलें. १९१७ सालीं ॲडमिरल बीटी यानें अशा १२० विमानांनीं जर्मन आरमारावर त्याच्या बंदरांतच हल्ला करण्याची सूचना केली होती. ती अंमलांत येण्यापूर्वींच युद्ध संपलें. बंदरांत उभ्या असलेल्या आरमारावर असा हल्ला प्रत्यक्ष झाला तो ११ नोव्हेंबर १९४० रोजीं तारांतो येथें, आणि त्यानंतर तेरा महिन्यांनीं पर्ल हार्बर येथें. जपानी आरमारी वैमानिकांचें आरंभीचें शिक्षण १९२१ सालीं तिकडे गेलेल्या सेम्पिलच्या ब्रिटिश मंडळानें केलें होतें, आणि त्या मंडळानें बरोबर नेलेल्या विमानांत 'कक्कू'ही होतें.

'बेन-मी-क्री' ११ जानेवारी १९१७ रोजीं कास्तेलोरिझो बेटाच्या बंदरांत नांगरलेली असतां समोरच्या किनाऱ्यावरील तुर्की तोफांनीं पेटून बुडाली. १९२० सालीं तिचा सांगाडा वर काढण्यांत आला व पुढें तो मोडींत निघाला. मार्मारावर उडालेल्या विमानांपैकीं एकही उरलें नाहीं. जटलंडच्या लढाईंतील ८३५९ हें तेवढें लंडनच्या युद्धसंग्रहालयांत ठेवलें होतें, परंतु दुसऱ्या महायुद्धांत त्या इमारतीवर जर्मन बाँब पडून त्याचाही बराच भाग नष्ट झाला. पुढचा सांगाडा शिल्लक राहिला तो इंग्लंडांतील योव्हिल्टन येथील आरमारी विमानसंग्रहालयांत आहे, आणि तो पूर्ववत् न करतां मोडक्या स्थितींतच ठेवण्यांत आला आहे.